दहावं नाव

आगरदांड्याच्या जेटीकडून वर आलं की डाव्या हाताला अब्दुस्समद यांचा बर्फाचा कारखाना लागतो. बोटी समुद्रात जायच्या आधी तिथून बर्फाच्या लाद्या भरून घेतात, म्हणून मासेमारीचे आठ-नऊ महिने तिथं उसंत नसते. पण दुपारचा एक वाजला की कामगार जेवायला जातात आणि अब्दुस्समद ऑफिसात एकटे उरतात. बायको, सुगरा, होती तोवर ते जेवायला घरी जायचे. ती जाऊन चार वर्षं झाली. आता सकाळीच दोन भाकऱ्या आणि रात्रीचं कालवण डब्यात भरून आणायचे आणि टेबलाशी बसून खायचे. घरी जाऊन कोणासाठी दार उघडायचं?

ऑक्टोबरातल्या अशाच एका दुपारी बँकेचा मेसेज आला. कामगारांचे पगार करून देणाऱ्या कंपनीनं फीचे सोळाशे बावन्न रुपये कापले होते. गेले काही महिने अकराशे एकवीस कापले जात. एवढे वाढले कसे, ते त्यांना कळेना.

ही पगाराची ऑनलाइन भानगड त्यांच्या मुलानं, तबरेजनं, दोन वर्षांपूर्वी सुरू केली होती. त्याआधी अब्दुस्समद पाकिटात नोटा घालून पगार द्यायचे. मग कारखान्यातल्या सदाला मोटरसायकलसाठी कर्ज हवं झालं आणि बँकेनं पगाराची चिठ्ठी मागितली. पाकिटाची चिठ्ठी कुठून आणणार? तबरेजनं चार दिवस बसून सगळ्यांची नावं, खाती त्या ॲपात भरली. वडिलांना एवढंच शिकवलं, की एक तारखेला हिरवं बटण दाबायचं. ते अजून तेवढंच दाबत होते.

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडे सुचिता नावाची मुलगी होती. आवाजावरून पंचविशीची वाटली. ती म्हणाली, "काका, बिल उघडा, आपण एकेक ओळ बघू." चष्मा लावून त्यांनी मोबाइलवर बिल उघडलं. दोन वर्षांत ते त्यांनी एकदाही उघडलं नव्हतं.

पहिली ओळ दरमहा ठरलेल्या फीची होती, नऊशे रुपये. दोन वर्षं ती निम्मी होती, नव्या गिऱ्हाइकाची सवलत म्हणून. ती मुदत सप्टेंबरात संपली. दुसरी ओळ माणशी फीची, एका माणसाला पन्नास, म्हणून दहा जणांचे पाचशे. तिसरी जीएसटीची, अठरा टक्के, दोनशे बावन्न. सुचितानं हे इतकं सावकाश सांगितलं, की अब्दुस्समदना बरं वाटलं. त्यांच्याशी इतकं सावकाश बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं.

"पण पोरी, दहा कसे?" ते म्हणाले. "माझ्याकडे माणसं नऊ."

तिनं नावं वाचून दाखवली. सदा, रघू, हितेश, गेल्या फेब्रुवारीत मशीनवर लागलेला आणि सदानं ॲपात भरलेला दिनानाथ, असं करत ती नऊपर्यंत आली. दहावं नाव तबरेज अब्दुस्समद. पगार शून्य.

पगार शून्य असला तरी नाव यादीत आहे तोवर फी लागते, असं तिनं समजावलं. नाव काढलं तर जीएसटी धरून महिन्याला एकोणसाठ रुपये वाचतील. त्यासाठी कामाचा शेवटचा दिवस भरायचा आणि काम सोडण्याचं कारण निवडायचं. कारणं तिनंच वाचली: राजीनामा, कामावरून कमी केले, मुदत संपली, निवृत्ती, मृत्यू.

अब्दुस्समदनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कारण निवडल्याशिवाय पुढे जात नाही, काका. राजीनामा टाकू का?"

"मी विचारून सांगतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खरं कारण त्यांना ठाऊक होतं, पण ते त्या यादीत नव्हतं. सोळा महिन्यांपूर्वी, मोसम संपताना, तबरेजनं नवं मशीन घ्यायचा हट्ट धरला होता. जुनं वीज फार खातं, असं तो कामगारांसमोर हिशेब मांडून सांगत होता. मुलगा आपल्याला चारचौघांत शिकवतोय, हे अब्दुस्समदना लागलं. "तू इथं पगार घेतोस," ते म्हणाले होते, "पगाराएवढंच बोल." तबरेजनं मान खाली घातली आणि उरलेलं काम संपवलं. आठवड्याच्या आत तो नोकरीसाठी कतारला, दोह्याला निघून गेला. तेव्हापासून दोन्ही ईदला मेसेज आणि महिन्याच्या शेवटी तब्येतीची चौकशी, तीही लिहून. आवाज नाही.

दोन दिवस त्यांनी तो विषय बाजूला ठेवला. एकोणसाठ रुपयांनी काही घर बुडत नव्हतं. पण मोबाइल हातात घेतला की ते यादी उघडत आणि शेवटचं नाव बघत. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर ते मशिदीतून घरी आले, ओट्यावर बसले आणि त्यांनी दोह्याला फोन लावला. तिकडे शुक्रवारची सुट्टी असते.

तबरेजनं लगेच उचलला. "अब्बा? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. एक कागदाचं काम होतं." आणि त्यांनी बिलाचं सांगितलं. दहावं नाव, कारण, तारीख. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, की आपण सुचिताचेच शब्द तिच्याच क्रमानं बोलतोय.

मग तबरेज म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलंय."

"मला ठाऊकच नव्हतं," अब्दुस्समद बोलून गेले.

शब्द तोंडातून सुटले आणि त्यांचा हात कपाळाला गेला. हो, मुद्दाम ठेवलंय, एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण शब्द फिरवून बोलायची त्यांना कधी सवयच नव्हती.

तबरेजनं मग सांगितलं, की बिलाची प्रत दर महिन्याला त्याच्या ईमेलवरही येते. निघायच्या दिवशी त्यानं स्वतःचा पगार शून्य केला, पण नाव काढायला हात धजला नाही. तेव्हापासून प्रत्येक बिल तो बघत होता. "फेब्रुवारीत नवाचे दहा झाले," तो म्हणाला. "कोणी तरी नवं लागलं, एवढं कळलं. कोण ते नाही कळलं."

"दिनानाथ. चौलचा आहे. चांगला आहे मशीनवर."

"जुन्याच मशीनवर?"

"जुन्याच."

समोरच्या वाटेनं दिघीची फेरीबोट गाठायला निघालेली माणसं भराभर जेटीकडे उतरत होती.

"राजीनामा लिहा, अब्बा," तबरेज म्हणाला. "तारीख तीन जून."

"तू राजीनामा कुठं दिला होतास?"

"मग काय लिहिणार? काढून टाकलं म्हणून?"

अब्दुस्समदना बरंच पुढचं-मागचं सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच. "त्या दिवशी मी बोललो, ते बोलायला नको होतं. माणसांसमोर तर नकोच."

"बरं," तबरेज म्हणाला. रागानं नाही आणि मायेनंही नाही. मग म्हणाला, की त्याला कपडे धुवायचे आहेत, खोलीतल्या बाकीच्यांचा नंबर लागायच्या आधी. फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "बिलाची प्रत माझ्याकडे येते, ती बंद करायची का? आता माझं नाव नसेल तर..."

"ती राहू दे," अब्दुस्समद घाईनं म्हणाले. "मला त्यातलं काय कळतं? तू बघत जा."

खरं म्हणजे बिल त्यांना आता ओळ न ओळ कळत होतं.

सोमवारी त्यांनी सुचिताला फोन केला. तारीख सांगितली, कारण राजीनामाच सांगितलं. नाव यादीतून गेलं, ते मोबाइलवर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आणखी काही मदत हवी का, असं तिनं ठरल्याप्रमाणे विचारलं. तिला जेवलीस का विचारावं, असं त्यांच्या मनात आलं. पण ती कामावर होती. नको म्हणाले.

नोव्हेंबरात पंधराशे त्र्याण्णव कापले गेले. बिल बरोबर होतं, विचारण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तरी त्यांनी ते दोनदा वाचलं आणि दोह्यात ते आता उघडलं असेल की संध्याकाळी, याचा अंदाज बांधत बसले. मग डबा बाजूला सारून त्यांनी तबरेजला लिहायला घेतलं. एका बोटानं, अडखळत. दिनानाथच्या बायकोला मुलगी झाली. रघूचा हात दुखतोय. विजेचं बिल फार येतं, तू म्हणत होतास ते मशीन कोणतं, ते कळव.

पाठवून त्यांनी मोबाइल टेबलावर उताणा ठेवला. बाहेर बर्फासाठी टेम्पो येऊन उभा होता आणि सदा हाका मारत होता. ते उठले.