बिनपाठीची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. लोखंडी, घडीची, बिनपाठीची. हसलात? हसा. दुसऱ्याचं मोडकं दिसलं की माणसाला हसू येतंच.

माझी पहिली दहा वर्षं भिवंडीच्या एका मंडपवाल्याकडे गेली. साखरपुडे, हळदी, सभा, सत्कार. माणसाची जात तिथेच ओळखली. पहिल्या रांगेसाठी भांडणार आणि जेवण सुरू झालं म्हटलं की मलाच आडवी पाडून पळणार!

२००६ साली कमळताईंनी मला विकत घेतलं. शाळेत पीटी शिकवून त्या निवृत्त झालेल्या. वडप्यात केसरीनाथ शेठच्या रिकाम्या गाळ्यात त्यांनी योगाचा क्लास काढला होता. त्यांनी माझ्या पाठीचा पत्रा काढून टाकला, म्हणजे माणसाला माझ्यातून पाय घालता येतात. त्या सगळ्यांना सांगत, "अवघड आसनाला पायऱ्या असतात. ही खुर्ची पहिली पायरी."

पण ऐकतो कोण? टीव्हीवर बघून आलेली मंडळी. धड मांडी घालता येईना आणि तिसऱ्या दिवशी विचारणार, "ताई, शीर्षासन कधी?"

त्यात शेठ सगळ्यांचे बाप. जमिनी गोदामांना भाड्याने दिलेल्या, काम काही नाही, पोट मात्र वाढतंय. पन्नासाव्या वाढदिवसाला स्टेजवर शीर्षासन करून दाखवायचं त्यांच्या डोक्यात आलं. दोघांनी पाय धरून फोटो काढला, बॅनरवाल्याने ते दोघे पुसले आणि वडपे नाक्यावर शेठ एकटेच उलटे उभे राहिले. वीस फुटी! थू तुमच्या हौसेला.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. शेठ जमिनीवर उताणे पडून पोटऱ्या माझ्यावर ठेवत आणि हातांनी माझे पुढचे पाय धरत. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मला धरतच नव्हतं. बोटांची नस मानेतून येते, तीच कुठेतरी दबत होती. बोटं धरत नाहीत हे त्यांनाही कळत होतं, पण त्यांनी चकार शब्द काढला नाही.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ताईंनी ते हेरलं. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "घट्ट धरा बघू."

बोटं वळेनात.

"शेठ, उद्या उलटं व्हायचं नाही. मानेवर भार आला तर कायमचे लुळे पडाल. आधी डॉक्टरला दाखवा."

"बॅनर लागलाय ना ताई! आता न्हाय केला तं गावात तोंड कसा दाखवू? आनि गाला कोनाचा हाय, ध्यानात हाय ना?"

"गाळा घ्या परत. मान मला परत देता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी ताई मला काखोटीला मारून थेट स्टेजवर चढल्या. शेठसाठी मधोमध गादी घातली होती. तिच्यावर ताईंनी मला मांडलं आणि बसल्या. ताठ. टेकायला पाठ नव्हतीच.

"उठा ताई," शेठ दात खात म्हणाले.

"नाही उठणार."

निवेदक भाड्याने आणलेला, त्याला काय माहीत? मधोमध बसल्यात म्हणजे प्रमुख पाहुण्या! त्याने लगेच पुकारलं, "आता आदरणीय बाईंचा सत्कार शेठच्या हस्ते!" टाळ्या पडल्या. गावासमोर शेठ काय करणार? त्यांनी ताईंच्या खांद्यावर शाल घातली. मग उजव्या हाताने नारळ पुढे केला आणि तो बोटांतून निसटला. गडगडत खाली बसलेल्या त्यांच्या मुलीपर्यंत, उन्नतीपर्यंत गेला.

"बघा," ताई हळूच म्हणाल्या. "या हाताच्या भरवशावर उलटे होणार होतात?"

नारळ उचलून उन्नती स्टेजवर आली आणि तिने बापाचा हात धरला. "पप्पा, ह्या कधीपासून हाय?" तेवढ्यात जेवणाची घोषणा झाली आणि सगळा गाव ताटांकडे पळाला. शीर्षासनाची आठवण एकालाही झाली नाही. अशा गावासाठी हा माणूस मान मोडून घेणार होता!

मानेतली नस दबलीय, डॉक्टर म्हणाले. गाळा गेला तो गेलाच. शेठचा अहंकार तेवढा सहजी थोडाच मरतो? क्लास आता ताईंच्या गच्चीवर भरतो. माझा रंग उडालाय, एक पाय डुगडुगतो. पण चार महिन्यांनी, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, शेठ स्वतःच जिना चढून आले. शीर्षासनाचं नाव न काढता मुकाट्याने पडले आणि माझे पाय धरले.

तुम्हीही कधी याल. आलात तर घाई घरी ठेवून या, एवढंच सांगते.

काल शेठची करंगळी किंचित वळली. ताईंना अजून कळलेलं नाही. शेठलाही नाही. मला कळलं.