मुठीतली आयडा

हार्लनच्या हातून पिस्तूल फरशीवर पडलं, मुठीची डावी पट्टी तडकली, आणि तेव्हापासून म्हाताऱ्याच्या जिवाला चैन म्हणून नव्हतं. लढाईतलं पिस्तूल ते. गोळी उडवणारा भाग लेकीनं, लोर्नानं, कधीच काढून ठेवलेला, त्यामुळे भीती नव्हती. पण पिस्तूल हातात नसलं की तो खिडकीशी पडल्या पडल्या पांघरुणावर नुसता अंगठा घासत राही. बाहेर मका पिवळा पडत होता, ऊन दुपारभर रेंगाळायचं, आणि त्या उन्हात हार्लन कधी ओहायोत असे, कधी फ्रान्सच्या चिखलात.

लेक रोज भरवायची, तर म्हणायचा, "बाई, तुम्ही फार भल्या आहात हो." वसंतापासून लोर्ना हे नाव त्याच्या तोंडून निघालंच नव्हतं. एकदा, एकदाच ते कानावर पडावं, एवढीच तिची हाव. पिस्तूल नीट झालं तर बाप ताळ्यावर येईल, असं तिच्या मनानं घेतलं. वेडी आशा, पण आशेला कोण अडवणार?

जुनी पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या विल्मरच्या गॅरेजमध्ये मुठीच्या जुन्या पट्ट्यांनी खोके भरलेले. त्यानं पिस्तुलावरचा नंबर भिंगातून वाचला. "त्रेचाळीसचं. अक्रोडाच्या लाकडाचं नाव काढू नकोस, ते आधीच्या पिस्तुलांना. याला तपकिरी प्लास्टिकच हवं, चौकड्या कोरलेलं. जुनी पट्टी कुठंय?"

"घरी डब्यात. कसलं तरी घरगुती काम होतं," लोर्ना ओशाळून म्हणाली.

"मग राहू दे. कचरा!"

तपकिरी पट्ट्या बसल्या. पिस्तूल कसं अगदी कोठारातून आल्यासारखं दिसायला लागलं. हार्लननं अंगठा फिरवला मात्र, त्याचं तोंड कडू झालं. "हे कुणाचं उचलून आणलंत? ज्याचं त्याला देऊन या, बाई. बिचारा शोधत असेल."

लोर्ना तशीच डबा घेऊन परत गेली. विल्मरनं पिवळट पारदर्शक तुकडे उचलले, त्यांच्याखालचा निस्तेज कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अगं, हे विमानाच्या काचेचं! पडलेल्या विमानाची काच कापायची, घासायची, खाली आपल्या माणसाचा फोटो घालायचा. पोरं लढाईत हेच करत बसायची. याहून अस्सल काय असणार? आणि मी गाढव नंबर वाचत बसलो!"

"खाली आई होती. आता नुसता कागद उरलाय."

विल्मरकडे तसल्याच काचेचा एक तुकडा निघाला. तो कापताना, घासताना गॅरेजभर पांढरी धूळ तरंगत राहिली. लोर्ना दोन फोटो हातात घेऊन बसली होती: एक आईचा लग्नातला, स्वच्छ, हसरा, दुसरा हा, उन्हानं आणि वर्षांनी पुसून टाकलेला.

"कुठला घालू?" विल्मरनं विचारलं. "चांगलाच घालतो की."

"नको," ती म्हणाली. "जुनाच घाला. त्यांना जो ठाऊक आहे तो."

संध्याकाळी हार्लनच्या हातात पिस्तूल दिलं. अंगठा काचेवरून सरकला आणि तिथेच थांबला. म्हातारा हसला. कितीतरी वेळ तो त्या कोऱ्या कागदाकडे बघत होता, आणि लोर्नाला वाटलं, आपल्यालाच दिसत नाहीये, तिथं कुणीतरी खरंच बसलंय.

"या, बसा बाई," तो हळूच म्हणाला. "बघा, ही माझी आयडा. गोड आहे ना?"

"खूप गोड."

"दिवस गेलेत तिला. पत्र आलंय. मुलगी झाली तर लोर्ना ठेवायचं म्हणते." तो लाजला. "मी अजून कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय. कसं आहे नाव?"

लोर्ना खुर्ची ओढून जवळ सरकली. तिनं बापाचा हात धरला.

"छान आहे," ती म्हणाली. "पुन्हा एकदा म्हणा ना."