भगताच्या दंडातलं कडं

"तीस पावसाळे देवी आलेल्यांच्या उशाशी बसते मी. मना कुणी कोंबडीचं पीस तरी दिलं काय?" धोंडीबाई रुपीच्या कानाशी पुटपुटली.

रुपीने कडेवरच्या चिमीला सावरत हसू दाबलं. धोंडीबाईचा चेहरा लहानपणच्या देवीच्या वणांनी भरलेला. साखरशेत गावात रीतच होती, की एकदा देवी येऊन गेलेल्यानेच आजाऱ्याला पाणी पाजायचं. त्याचं कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ढवळू भगताचं. त्याच्या तोंडावर एक वण नाही, तरी तो देवी आलेल्या तुकाच्या फोडांवरून हात फिरवत होता आणि त्याच्याच ताटातली भाकर खात होता. अंगणभर माणसं श्वास रोखून त्याचा घास मोजत होती.

भगताच्या म्हणण्याप्रमाणे देवीआई त्याच्याशी बोलत असे. त्याचा अंगारा लावलेल्याला ती शिवणार नव्हती. तिला काळी कोंबडी लागते, तीही अंड्यावरची, इतकं बारीक तिने सांगितलेलं होतं. आणि सुई टोचून घेतलेल्या घरावर ती कोपणार होती.

म्हणून जव्हारच्या दरबाराने पाठवलेला देवी काढणारा, म्हणजे लस टोचणारा, गुलामभाई सकाळपासून उंबराखाली पेटी उघडून माश्या वारत होता. दुपार टळली की तो मोखाड्याकडे निघणार. तुकाच्या आणि रुपीच्या घरात एकच कुडाची भिंत. चिमीला अंगारा की सुई, हे रुपीला आत्ताच ठरवायचं होतं.

शेवटी गुलामभाई उठून अंगणात आला आणि अदबीने म्हणाला, "भगतबाबा, दंडातलं कडं जरा वर सरकवा."

"आईने स्वप्नात येऊन घातलंय. काढलं तर कोप होईल."

"कशाचा कोप?" भगताची बायको, काळी, मागून म्हणाली. नवरा जखम लपवत नाही हे पटवायला निघालेली बिचारी. "रोज मीच घासते ते. खाली काय जखम नाय. तीन जुने चट्टे हायत, ठाण्याकडं मिठागरात होते तेव्हा साहेबाने टोचलेले. दोन दिवस ताप येऊन आई आई करत होते."

आई त्याच्याशी बोलत नव्हती, तोच आईशी बोलत होता, असं धोंडीबाई म्हणाली आणि अंगण हसलं. भगत कडं धरून बसला.

गुलामभाई मात्र हसला नाही. त्याने विचारलं, डुकराच्या शिकारीआधी कुत्र्याला काय हुंगवता? कातडं, कुणीतरी म्हणालं. तसंच हे, तो म्हणाला. लस असते गाईच्या देवीची. ती रोगाची गरीब बहीण, पण वास तोच. तो एकदा मिळाला की अंग आपले राखणदार तयार करतं. पुढे खरी देवी आली तर ते राखणदार तिला ओळखून धरतात. डुकराचा वास दिलेलं कुत्रं सशामागे जात नाही, तसे हे फक्त देवीलाच धरतात, हिवतापाला नाही. धोंडीबाईच्या अंगाला तो वास रोगाने दिला, भगताच्या अंगाला सुईने. सुईने दिलेला वास काही वर्षांनी कुत्रं विसरतं, तेव्हा पुन्हा टोचावं लागतं.

"अंगाऱ्यात कसला वास आहे?" त्याने विचारलं. "अंगारा लावूनही देवी आली, असं या गावात कुणी आहे?"

बरेच जण रुपीकडे बघू लागले. गेल्या शिमग्यात रुपीची थोरली, फागी, देवीने गेली होती. पोरीच्या आईने पथ्य मोडलं असणार, असं भगत म्हणाला होता, आणि गावाने ते मानलं होतं. रुपीनेही मानलं होतं. काय मोडलं ते मात्र तिला वर्षभर आठवलं नव्हतं.

तिने चिमीची बाही वर केली आणि पोर गुलामभाईपुढे धरली.

"मी काय मोडलं नव्हतं," ती म्हणाली. "फागीला रोज अंगारा लावत होते. अंगाऱ्याने काय होत नाय."