बाभळीचा तंबोरा

मी खजुरीचा शाळामास्तर. पोरांवर ओरडायचा पगार निजाम सरकार देतं. घरी मी फुकट ओरडतो.

घरी ओरडायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझ्या बायकोचे, अन्नपूर्णेचे, दोन्ही कान फुटले आणि वाहून वाहून बहिरे झाले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर तिला काहीतरी गडगडल्यासारखं वाटे, शब्द कळत नसत. म्हणून मी पाटीवर लिहू लागलो. पाटीवर ‘दळण आणलं’ लिहिता येतं. थट्टा लिहिता येत नाही आणि भांडण तर मुळीच नाही. पेन्सिल सापडेपर्यंत राग उतरलेला असतो.

पण खरं दुःख वेगळं होतं. अन्नपूर्णा गायची. माहेरचा नाजूक तंबोरा घेऊन रोज सकाळी बसायची, आणि माझी आरती बेसूर झाली की स्वयंपाकघरातून हसायची. तापानंतर ती एकदाच तंबोरा घेऊन बसली. तारा छेडल्या, थांबली, पुन्हा छेडल्या. “तुम्हाला ऐकू यायलाय का?” एवढंच तिनं विचारलं आणि तंबोरा खुंटीला लावला. त्यानंतर घरात गाणं झालं नाही.

मी मनाशी ठरवलं की तंबोरा मोठा केला तर आवाजही मोठा येईल. अफजलपूरहून भीमेकाठचा भोपळा आणला, घागरीपेक्षा मोठा, आणि वर्षभर माळ्यावर वाळवला. आता करणार कोण? गावात लाकडाचं काम जाणणारा एकच, ग्यानबा सुतार, आणि त्याचा हात बसलेला बैलगाड्यांवर. मी त्याला माहेरचा तंबोरा दाखवला. “अस्साच कर,” म्हटलं, “पण याच्या दुप्पट.” ग्यानबानं दोरीनं मापं घेतली, दांडी हातावर तोलली आणि मान हलवली. मग तीन महिने तो घरामागच्या चिंचेखाली तासत बसला. मला तिकडे फिरकू देत नव्हता.

पाडव्याच्या सकाळी तो आला. तंबोरा खांद्यावर घेऊन आला, नांगर आणावा तसा. ओसरीवर टेकवला तेव्हा शहाबादी फरशी दणकली. दिसायला मात्र देखणा होता. दांडीवर त्यानं आपणहून वेलबुट्टी कोरली होती. मी तारा चढवल्या, सुरात आणल्या आणि छेडल्या. डास गुणगुणावा एवढा आवाज आला.

“ग्यानबा,” मी म्हटलं, “दांडी आतून पोकळ न्हाई केलीस?”

“पोकळ?” त्याला कळेचना. “जुनी दांडी हातात हलकी लागली, मास्तर. म्या म्हटलं, शहरातल्या सुतारानं लाकूड वाचवलंय. अक्काच्या तंबोऱ्यात असली लबाडी कामून करायची? ही माझ्या गाडीच्या आसाला राखलेली बाभळ हाय. नातवंडांच्या वक्तालाबी वाकायची न्हाई.” भोपळ्यावरची फळीही त्यानं बोटभर जाड ठेवली होती.

माझं डोकं फिरलं. “याला बैल जुंप आन घेऊन जा,” मी म्हटलं. “तुला काम दिलं हीच माझी चूक.” आणखीही बोललो. पोकळीबद्दल मी त्याला चकार शब्द सांगितला नव्हता, हे ठाऊक असूनही बोललो.

आसाचं लाकूड पारखताना सुतार एका टोकाला कानशील टेकवतात आणि दुसऱ्या टोकाला ठोकतात. आत भेग असली तर हाडाला कळते. सवयीनं ग्यानबानं दांडीच्या शेंड्याला कानशील टेकवलं आणि तार छेडली. थोडं थांबून पुन्हा छेडली.

“भेग न्हाई,” तो म्हणाला. “आन मुकं बी न्हाई. आत बोलायलंय, मास्तर. अक्काला बोलवा.”

अन्नपूर्णा दारातच उभी होती, पिठाच्या हातांनी. त्यानं तिला खुणेनं खाली बसवलं, कानामागचं हाड दांडीला टेकवायला लावलं आणि तार छेडली.

ती दचकली. पिठाचा हात तोंडावर गेला. मग तिनं स्वतःच तार छेडली, डोळे मिटले आणि सा लावला. तो जरा खाली लागला होता. तिनं तो हळूहळू वर नेला आणि तारेला नेमका मिळवला. मिळवला म्हणजे तिला ऐकू येत होतं.

मी तिच्यासमोर बसलो, दांडीच्या भोपळ्याकडच्या टोकाला हनुवटी टेकवली आणि सवयीनं ओरडलो, “ऐकू यायलंय का?”

“ओरडायलाव कामून?” डोळे न उघडता ती म्हणाली. “हळू बोला की.”

दोन वर्षांचं किती साठलं होतं, पाटीवर न मावलेलं. त्यातलं एकही आठवेना. “ग्यानबाचं पान मांड,” मी हळूच म्हटलं. “मी त्याला लई वाईट बोललो.”

“दिसलं मला तुमच्या तोंडावरून,” ती म्हणाली. “पण ते मला सांगायलाव कामून? त्याला सांगा.”

मी उठलो आणि ग्यानबाजवळ जाऊन बसलो. पागोट्याच्या टोकानं तो डोळे पुसत होता. मी त्याला सांगितलं, हळू आवाजात.