लाल चिंध्यांचं गाठोडं

इटलीतल्या प्रातो गावात जुने स्वेटर रंगांप्रमाणे निवडतात आणि पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढतात, म्हणजे रंगवायची गरजच पडत नाही. व्हास्को तेच करायचा. शेजारची लोरियाना कापड विणायची. पण काही वर्षांपूर्वी गाडी कुठे लावायची यावरून दोघांचं वाजलं, तेव्हापासून तो तिला सूत विकत नसे आणि तिच्या उरलेल्या चिंध्या त्याला मिळत नसत. सगळ्या कचऱ्यात जात.

आज ती स्वतःच लाल चिंध्यांचं गाठोडं घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. "घे. फेकवत नाहीत आता."

व्हास्कोनं एक चिंधी चिमटीत चोळली आणि चमकला. "अगं, हे तर माझंच सूत! तुला कुणी विकलं?"

"तुझ्याच मेहुण्यानं, चोरून, इतकी वर्षं. मग काय करू? असा लाल गावात दुसऱ्या कुणाला जमतो का, मेल्या?"