तटावर बसलेली आई

मित्रांनो, शेवगावच्या फक्रुद्दीनभाईंच्या स्टुडिओतला मी जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. मला घडवलं दूर जपानमधल्या एका कारखान्यात, पण जग दिसलं ते शेवगावात. फक्रुद्दीनभाईंनी मला खोक्यातून काढलं, मऊ फडक्यानं माझी काच पुसली आणि सगळ्यात आधी पाळण्यातली आपली लेक मला दाखवली. तिचं नाव सुमैरा.

पुढची कितीतरी वर्षं मी लग्नं टिपली. हळदी, वराती, पंगती! "भाईंसारखं शूटिंग कुणाचं न्हाई," असं लोक म्हणत, तेव्हा मला फार अभिमान वाटे. मग घरोघरी मोबाईल आले आणि मी रेक्झिनच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या खणात जाऊन बसलो. कुणी माझी चौकशी केली नाही.

सुमैरा मोठी झाली, शाळेत विज्ञान शिकवू लागली. तिला टीव्हीवर प्राण्यांच्या फिल्म बघायचं वेड. एकदा मेलेल्या हत्तीच्या हाडांवरून दुसरे हत्ती हळुवार सोंड फिरवताना तिनं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्रुद्दीनभाई हसले.

"बेटा, ते सगळं मागच्या संगीताचं काम. मी नाही का लग्नात गाणी टाकत? कोरडी माणसंसुद्धा रडतात."

"म्हणजे हत्तीला काहीच वाटत नाही, अब्बू?"

"ते मला काय माहीत? जाऊन बघ."

तिनं कपाटातून मला खाली काढलं. नवी बॅटरी मिळेना, जुनीच चार्ज केली आणि जानेवारीत ती मला घेऊन खर्ड्याला, अख्तरी खालाच्या, म्हणजे मावशीच्या घरी गेली. तिथल्या किल्ल्यात वानरांचा मोठा कळप राहतो.

आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दिवशी एक पिल्लू झाडावरून विजेच्या तारेवर पडून मेलं होतं. त्याची आई ते सोडायला तयार नव्हती. सकाळच्या उन्हात ती तटावर बसलेली मला दिसली. काळं तोंड, लांब शेपूट, आणि मांडीवर ते निपचित पिल्लू. ती त्याच्या अंगावरचे केस एकेक करून बाजूला सारत होती, जणू उवा शोधत होती. माश्या आल्या की हातानं हाकलत होती. उठली की एका हातानं पिल्लू पोटाशी धरी आणि तीन पायांवर चाले. पिल्लाची मान खाली लोंबे. मग ती थांबे, मान नीट करी आणि पुन्हा निघे.

मित्रांनो, माझी काच पाणावत नाही. पण त्या दिवशी तिच्यावरून माझी नजर हलेना.

दुसऱ्या दिवशी वैजनाथकाका आले. किल्ल्याला लागून त्यांचं हरभऱ्याचं रान होतं आणि वानरांनी ते निम्मं ओरबाडलं होतं. त्यांच्या हातात फटाक्यांची माळ होती.

"ताई, बाजूला हो. आज समदी वांदरं हुसकून लावतो."

"काका, थोडं थांबा ना. तिचं पिल्लू मेलंय."

"मेलं तर मेलं. जनावराला काय कळतंय?"

सुमैरा वाद घालत बसली नाही. तिनं माझी काच त्या आईकडे रोखून मला त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाली, "एकदा इथून बघा. मग वाजवा."

काकांनी माझ्यामागे डोळा लावला. तेवढ्यात कळप पाण्याकडे निघाला. ती आई जागची हलली नाही. सगळे पुढे गेले. मग एक म्हातारी वानरीण थांबली, मागे वळली, सावकाश येऊन तिच्या शेजारी बसली. आईच्या खांद्यावर तिनं हात ठेवला आणि तिचे केस विंचरू लागली. मोठा हुप्प्यासुद्धा वाटेतच बसून राहिला, आणि त्याला बघून बाकीचेही बसले. तहानलेला सगळा कळप एका आईसाठी थांबला होता!

काका माझ्यापासून बाजूला झाले. मग मान वर न करता म्हणाले, "आमच्या गाईचं वासरू मेलं हुतं. दूध आटू नये म्हनून आमी त्याच्या कातड्यात भुसा भरून तिच्या म्होरं उभं केलं. ती त्याला चाटायची आन् मी खाली बसून दूध काढायचो. लई दिस काढलं. मला वाटायचं, हिला काय कळतंय?"

माळ त्यांनी खिशात घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझी बॅटरी संपली. नेमकं तेव्हाच ती आई उठली. तटाच्या एका कोनाड्यात सावली होती, तिथं तिनं पिल्लू ठेवलं. दोन पावलं गेली, परत आली, त्याला हुंगलं, पुन्हा गेली. तीनदा असं झालं. मग मात्र ती उड्या मारत कळपाकडे निघून गेली. हे कुठल्याच कॅसेटवर नाही. सुमैरानं पाहिलं, काकांनी पाहिलं आणि बंद पडलेल्या माझ्या काचेनं पाहिलं.

काकांनी आपल्या रानाच्या बांधावर खड्डा घेतला आणि पिल्लाला मूठमाती दिली.

सुमैरानं ती फिल्म शाळेत दाखवली. ज्ञानेश्वरी नावाच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तिला आपल्यासारखंच दुःख झालं का?"

सुमैरा म्हणाली, "आपल्यासारखं का, ते मला सांगता येणार नाही. तिच्यासारखं झालं, एवढं मात्र मी पाहिलंय."

मुलांनी खर्ड्याच्या गावकऱ्यांना पत्र लिहिलं, गावानं वीजवाल्यांच्या मागे लकडा लावला, आणि उन्हाळ्याआधी किल्ल्याजवळच्या तारांवर रबरी आवरण चढलं.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. एवढंच मागणं आहे. रस्त्याकडेला एखादी कुत्री, गाय किंवा वानरीण आपल्या मेलेल्या पिल्लापाशी बसलेली दिसली, तर हॉर्न वाजवू नका, दगड मारू नका, मोबाईल घेऊन तिच्या तोंडाशी जाऊ नका. गाडी बंद करा आणि लांब उभे राहा. तिचं झालं की ती स्वतःच उठेल.