सगळ्यांची भांडी मावणारा टब

मित्रांनो, मी जाड पत्र्याचा एक जुना टब आहे. दोन बाजूंना दोन कड्या, बुडाला थोडा गंज आणि स्वभावाने संशयी. ज्याच्यात सगळे उष्टे-खरकटे टाकून निघून जातात, त्याला माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. मग विश्वास बसणार तरी कसा?

एका कारागिराने मला हातोडीने ठोकून ठोकून घडवले. हा तुमच्या नातवंडांनाही पुरेल, असे तो गिऱ्हाइकाला सांगत होता. विकणाऱ्याचे बोलणे म्हणून मी तेव्हाच ते अर्धे सोडून दिले.

या घरात वर्षातून एकदा, मोठ्या सुट्टीत, सगळे भाऊ-बहिणी जमतात. एकूण एकोणीस माणसे. जेवण झाले की ताटे, वाट्या, ग्लास, सुऱ्या, करपलेली पातेली, जे हाताला येईल ते माझ्या पाण्यात पडायचे. “किती मावतं हो याच्यात!” असे म्हणत मंडळी बाहेर गप्पा मारायला जायची. खोटे कशाला सांगू, त्या कौतुकाने मी फुगून जात असे.

मग माझ्याजवळ एकट्या उरायच्या त्या थोरल्या वहिनी. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्या ओट्याशी उभ्यानेच चार घास खायच्या आणि कोपरापर्यंत हात माझ्यात घालायच्या. तेलकट पाण्यात ग्लासही तेलकट व्हायचे, ते पुन्हा धुवावे लागायचे. गेल्या वर्षी तळाशी लपलेल्या सुरीने त्यांचा अंगठा कापला. कोणी मदतीला आलेच तर त्या म्हणायच्या, “राहू दे, मी करते.” आणि येणाराही लगेच ऐकायचा.

यंदा त्यांची धाकटी जाऊ दोन दिवस आधीच आली. आल्या आल्या तिने माझ्यात डोकावून पाहिले, बुडावर टकटक केली, वितीने माझी रुंदी मोजली. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. भंगारवाला बोलावण्याआधी माणसे असेच करतात, हे मी ऐकून होतो. मग ती तीन लहान टब घेऊन आली, तेव्हा वहिनींच्याही कपाळाला आठी पडली. आपले स्वयंपाकघर हिला गचाळ वाटते, चारचौघांत ते दाखवायचा हिचा बेत आहे, असा त्यांना संशय आला.

“माझं काम पसंत नसेल तर तसं सांग,” वहिनी म्हणाल्या.

“काम नाही हो वहिनी, टब पसंत नाही,” धाकटी म्हणाली.

मला रडू कोसळायचेच बाकी होते.

जेवणाच्या दिवशी माझी उचलबांगडी झाली. दाराबाहेर, पालथा. हिची फजिती कशी होते ते पाहू, म्हणून मी फटीतून डोळा लावून बसलो. तिने जेवणघराच्या दाराशी तीन टब मांडले, एक ताटांचा, एक ग्लासांचा, एक चमचे-सुऱ्यांचा. शेजारी खरकट्याची बादली. ज्याने त्याने आपले ताट निपटून आणून ठेवायचे. स्वयंपाकाची भांडी तर रिकामी होतील तशी तिने आपल्या दोन दिरांकडून धुऊन घेतली होती. जेवण टेबलावर मांडले, ज्याने त्याने वाढून घ्यायचे ठरले. ओट्यावर करण्यासारखे काही उरलेच नाही.

“वहिनी, बसा,” धाकटी म्हणाली.

वहिनींनी इकडेतिकडे पाहिले. एकही खुर्ची रिकामी नव्हती. खुर्च्या मांडायचे काम दर वर्षी त्यांच्या यजमानांचे. ते उठून उभे राहिले, पुन्हा पुन्हा मोजू लागले.

“मी अठराच मांडल्या,” ते हळूच म्हणाले. “दर वर्षी पुरतात.”

त्यांनी आपली खुर्ची पुढे केली, पण वहिनी दाराशी आल्या, मला कडीला धरून आत ओढले आणि टेबलाशी पालथा ठेवला.

“बसा तुम्ही. याच्यावर बसायचा हक्क माझा आहे,” असे म्हणून त्या माझ्यावर बसल्या.

माझे बूड कडकन आत गेले. त्या मात्र निवांत जेवल्या, गरम गरम, सगळ्यांबरोबर. दोनदा वाढून घेतले. मला इतके बरे वाटले की दुखणे विसरलो.

आता मला पोचा आलाय, मी सरळ उभा राहत नाही. माझ्यात कोणी भांडी टाकत नाही. माझा संशय खरा होता, धाकटीला मला घालवायचेच होते, आणि अजूनही मी तिच्यावर नजर ठेवून असतो. पण माझा राग गेला आहे. मी मोठा होतो म्हणून सगळे निर्धास्त झाले होते, हे मला उशिरा कळले.

मित्रांनो, मला घासा, गंजू देऊ नका, असे मी मागणार नाही. एवढेच करा. मोठ्या जेवणाला खुर्च्या मांडाल, तेव्हा आधी स्वयंपाकघरात जाऊन माणसे मोजा.